गटार-समाजवादाची लाज कशाला?

काही महिन्यांपूर्वी मिरजेत आपल्या कार्यकर्त्यांच्या एका छोट्या बैठकीत शहराच्या सांडपाण्याचा विषय निघाला. तेव्हा एका तरुण साथीने किंचित उपहासाने विचारले, "सर, शेतमालाचे भाव, बेकारी, खाजगीकरण हे सारे बाजूला ठेवून आता आपण गटारे उपसायची काय?" बैठकीत हशा पिकला आणि विषय तिथेच संपला. त्या हशाला माझी हरकत नाही. परंतु त्यामागील समजूत चुकीची आहे, आणि ती एकट्या त्या साथीची नसून आपल्या चळवळीतील पुष्कळांची आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा उपहास नवा नाही. अमेरिकेतील मिलवॉकी हे मिशिगन सरोवराकाठचे कामगारांचे शहर. १९१० साली तेथे एमिल सायडेल हे समाजवादी महापौर निवडून आले आणि पुढे डॅनियल होन यांनी १९१६ पासून १९४० पर्यंत सलग चोवीस वर्षे ते पद सांभाळले. ही मंडळी पाणीपुरवठा, गटारे, सार्वजनिक आरोग्य, बागा यांविषयी इतके बोलत, की १९३२ च्या पक्ष-अधिवेशनात न्यूयॉर्कच्या मॉरिस हिलक्विट यांनी त्यांना 'गटार-समाजवादी' म्हणून हिणवले. मिलवॉकीकरांनी हे नाव हसून स्वीकारले. कारण तोपर्यंत त्यांच्या शहरातील जोन्स बेटावर सार्वजनिक मालकीचे सांडपाणी-केंद्र उभे राहिले होते, आणि तेथील मैलागाळ सुकवून केलेले खत 'मिलोर्गनाइट' या नावाने १९२६ पासून बाजारात विकले जात होते. ते आजही विकले जाते. (कामगारांच्या शहराच्या या खताचे पहिले मोठे गिऱ्हाईक गोल्फची मैदाने होती! इतिहासाला विनोदाचे अंग असते ते असे.) हिलक्विट हे विद्वान नेते होते, पण ज्या सरोवराचे पाणी मजूर पितो त्याच सरोवरात त्याच मजुराचा मैला सोडला जाणे हाही वर्गीय प्रश्न आहे, हे मिलवॉकीच्या साध्या कार्यकर्त्यांना त्यांच्यापेक्षा लवकर उमगले.

आता आपल्या गावाकडे येऊ. ११ एप्रिल २०१६ या दिवशी मिरज स्थानकातून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून एक आगगाडी लातूरकडे रवाना झाली. 'जलदूत' नावाने ती देशभर गाजली. मिरजकरांना तिचा अभिमान वाटला, तो रास्तच होता. तहानलेल्याला पाणी देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. परंतु अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आकडेमोडीची खोड असते. २०११ च्या जनगणनेनुसार सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५,०२,७९३ होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी हा शासकीय मापदंड लावला, तर पाच कोटी चाळीस लाख लिटर सांडपाणी रोज निघते. म्हणजे त्या पहिल्या जलदूताएवढ्या शंभरांहून अधिक गाड्या आपण दररोज गटारात ओततो. वर्षाचा हिशेब पाऊण टीएमसीच्या आसपास जातो. हेक्टरी सहा हजार घनमीटर पाणी धरले, तर तीन हजार हेक्टरांहून अधिक जमीन भिजेल. आणि मिरजेच्या पूर्वेला कवठेमहांकाळ-जत भागात काय चालले आहे? तेथील शेतकऱ्यासाठी म्हैसाळ योजनेचे पंप कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि त्या विजेच्या बिलावरून दर उन्हाळ्यात हमरीतुमरी होते. एका हाताने स्वच्छ पाणी डोंगरावर चढवायचे आणि दुसऱ्या हाताने वापरलेले पाणी नदीत सोडायचे!

नदीत सोडलेले पाणी नाहीसे होत नाही. सांगलीचा शेरीनाला कृष्णेत मिसळतो आणि कृष्णा मिरजेकडे येते. येथून पुढे म्हैसाळ, नरसोबाची वाडी. प्रत्येक गाव वरच्या गावाचे पाणी पिते आणि खालच्या गावासाठी आपले सोडते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीने माणसे दगावली. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला. अशा वेळी कारखान्याने पालिकेकडे आणि पालिकेने कारखान्याकडे बोट दाखवावे ही आपल्याकडील रूढ रीत आहे. शेरीनाल्याचे पाणी धुळगावकडे नेऊन, प्रक्रिया करून शेतीला देण्याची योजना मात्र वर्षानुवर्षे रखडत रांगत राहिली. ती का रखडली याची तांत्रिक कारणे अनेक सांगितली जातात. माझ्या मते मूळ कारण दृष्टीचे आहे. पालिकेच्या लेखी ती पीडा गावाबाहेर घालवण्याची योजना होती. ज्याच्या शेतात ते पाणी जायचे, त्या शेतकऱ्याशी 'किती, केव्हा, कोणत्या प्रतीचे' असा करार करून माल पुरवण्याची ती योजना नव्हती. पीडा म्हणून पाठवलेली वस्तू कोणीही पीडा म्हणूनच स्वीकारणार.

येथे कोणी म्हणेल की, हा प्रश्न पैशाचा आहे. पैशाचाच आहे, पण उलट्या अर्थाने. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला निदान अडीच किलो नत्र आणि तीन-चारशे ग्रॅम स्फुरद बाहेर पडते. पाच लाखांच्या शहरात हे नत्र साडेबाराशे टन होते. युरियाच्या भाषेत सांगायचे, तर पंचेचाळीस किलोच्या साठ हजार गोण्या. सारेच हाती लागेल असे नाही. निम्मे लागले तरी तीस हजार. आता आपण त्याचे काय करतो पाहा. अलिबागजवळ थळच्या सरकारी कारखान्यात नैसर्गिक वायू खर्चून हवेतील नत्र पकडायचे आणि त्याचा युरिया करायचा. तो शेतातून धान्यात, धान्यातून आपल्या पोटात आणि तेथून गटारात. आणि मग आधुनिक म्हणवणाऱ्या प्रक्रिया-केंद्रात पुन्हा वीज खर्चून तेच नत्र हवेत उडवून द्यायचे! एवढा महागडा उद्योग कोणत्याही शहाण्या गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरात चालू दिला नसता. स्फुरदाची गोष्ट तर याहून गंभीर. ते हवेत नाही, ते खडकात आहे. आणि तो खडक आपल्याकडे थोडका, म्हणून मोरोक्को-जॉर्डनकडून आणावा लागतो. पालाश तर जवळजवळ सर्वच परदेशातून येते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, खतांचे भाव कडाडले आणि २०२२-२३ या एका वर्षात केंद्र सरकारचा खत-अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. सांडपाण्यात मॅग्नेशियमचे क्षार घालून नत्र व स्फुरद खड्यांच्या रूपाने तळाशी बसवण्याची रीत कॅनडा, हॉलंड, जपान येथे रुळली आहे. आपण मात्र ते कृष्णेत सोडतो आणि त्यावर पोसलेली जलपर्णी काढण्याचे वेगळे कंत्राट देतो.

शहर धान्य खाते आणि खेड्याची माती रिकामी करते, हा विचार आपल्याला परका नाही. मार्क्सने 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात लंडनचा मैला आणि थेम्स नदी यांचे उदाहरण घेऊन याचीच चिकित्सा केली. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना डोंगरातून शेतात वाहत येणारे पालापाचोळ्याचे सत्त्व कसे आटले याकडे लक्ष वेधले. आणि इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांच्याबरोबर ज्यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली आणि १९३१ सालच्या ग्रंथावर ज्यांचे नाव सहलेखक म्हणून आहे, ते यशवंत वाड आपल्या किती कृषिपदवीधरांना ठाऊक असतील?

परंतु येथे मला थांबले पाहिजे. कारण 'आपले पूर्वज सोनखत वापरत होते, आपणही तेच करू' असे म्हणणारा एक भाबडा वर्ग आपल्यातही आहे. सोनखत वापरले जाई हे खरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याची नगरपालिका ते विकत असे आणि कालव्याकाठचे ऊसवाले ते घेत. पण ते खत डोक्यावरून कोण वाहत होते? मेहतर वाहत होते. ऊसवाल्याच्या हिशेबात त्या डोक्याची किंमत कधीच धरली गेली नाही, म्हणून ते खत स्वस्त होते. 'सोन' हे नाव ज्याने दिले त्याने ती पाटी कधी उचलली नसावी.

ही गाठ ज्यांनी प्रामाणिकपणे सोडवू पाहिली ते कोकणातले आप्पासाहेब पटवर्धन. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी सवर्ण कैद्यांना नाकारली जाते म्हणून १९३२ साली त्यांनी अन्नत्याग केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही त्या डिसेंबरात उपवास आरंभला. पुढे १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढून आप्पासाहेबांनी मैल्यापासून खत करण्याचे, हाताने मैला उचलावाच लागू नये असे संडास बांधण्याचे प्रयोग केले. त्यांचा मार्ग गांधीवादी, आपला समाजवादी, मतभेद पुष्कळ. तथापि खत आणि जात हे दोन प्रश्न वेगवेगळे सुटत नाहीत, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणाला दिसले नव्हते. एका उच्चवर्णीयाने पाटी उचलून जात मोडत नाही, हा डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांचा आक्षेप मला मान्य आहे. पाटीच नाहीशी झाली पाहिजे. यंत्र, वीज आणि विज्ञान यांचा खरा उपयोग तेथे आहे.

ती पाटी नाहीशी झाली काय? हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती रक्कम तीस लाख केली. मृत्यूची भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्यातील पागे म्हणजे रोजगार हमीचे जनक वि. स. पागे, आपल्याच तासगाव तालुक्यातले. बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी ही तरतूद माझ्या मनाला कधीच पूर्णपणे पटली नाही. पण जोवर समाज दुसरी दारे उघडत नाही, तोवर ते एक दारही बंद करण्याचा अधिकार कोणाला नाही. प्रत्यक्षात ते दार आता कंत्राटाच्या मार्गाने गुपचूप बंद केले जात आहे. कंत्राटी माणूस मेला तर त्याला वारस नसतो, फक्त हजेरीपटावरील एक ओळ कमी होते.

आणि येथेच मी आजच्या 'कचऱ्यातून सोने' या घोषणेपाशी येतो. गेली काही वर्षे ही घोषणा मंत्र्यांपासून उद्योगपतींपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. मला तिचे तंत्र मान्य आहे, मालकी मान्य नाही. २०१८ साली केंद्राने सेंद्रिय कचऱ्यापासून वायू तयार करणारे पाच हजार प्रकल्प २०२३-२४ पर्यंत उभे करण्याचे जाहीर केले. त्या मुदतीपर्यंत प्रत्यक्षात उभे राहिले ते त्याच्या अल्पांशानेही नव्हेत. कारण खाजगी भांडवलाला वायूपेक्षा हमी हवी असते. इंदूरला २०२२ च्या फेब्रुवारीत रोज ५५० टन ओला कचरा घेणारा प्रकल्प सुरू झाला. तो चालतो हे मान्य केले पाहिजे. पण का चालतो? घराघरांत बायका ओला-सुका कचरा वेगळा करतात आणि सफाई कामगार तो वेगळाच ठेवून नेतात म्हणून. कच्चा माल श्रमिकांच्या विनामूल्य वा अल्पमोल कामातून तयार होतो आणि यंत्राचा मालक त्याला आपला व्यवसाय म्हणतो.

बहुतेक शहरांत तर एवढेही होत नाही. कंत्राटदाराला वजनावर, टनामागे पैसे मिळतात. ज्याला टनावर पैसे आहेत तो ओला कचरा वेगळा कशाला करील? मिसळलेला, भिजलेला, मातीदगडांसह आलेला कचराच त्याला परवडतो. मिरजेच्या बेडग रस्त्यावरील डेपोकडे पाहून नागरिकांच्या बेशिस्तीवर प्रवचने झोडणाऱ्यांनी आधी कंत्राटाची कलमे वाचावीत. बेशिस्त आहेच, परंतु ती फायदेशीर कोणाला आहे हा अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न आहे.

खरे पाहता हे तंत्र अगदी आपल्या घरचे आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९० च्या दशकात मैल्याच्या टाक्यांतील वायू गोळा करून वापरला जात होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी उष्ट्या-खरकट्यावर चालणारे 'निसर्गऋण' संयंत्र विकसित केले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने घरगुती खरकट्यावरचे छोटे संयंत्र केले, त्याला २००६ साली आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला. एक टन खरकट्यापासून ढोबळमानाने शंभर घनमीटर वायू, म्हणजे स्वयंपाकाच्या तीन सिलिंडरांइतके इंधन मिळते. आपल्या तिन्ही शहरांतून शंभर टन ओला कचरा निघतो असे धरले, तर रोजचे तीनशे सिलिंडर झाले. मिरज हे दवाखान्यांचे गाव. रुग्णालयांची स्वयंपाकघरे, वसतिगृहे, खानावळी, मंगल कार्यालये, भाजी मंडई यांचा कचरा एकजिनसी व मुबलक आहे. तेथून आरंभ करता येईल. (लग्नातले चांगले अन्न आधी भुकेल्याच्या ताटात गेले पाहिजे, संयंत्रात नंतर, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.)

आणि संघटनेचा नमुनाही घरचाच आहे. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्येने दलित असलेल्या स्त्रियांची ती संघटना. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि पालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. हक्क, ओळखपत्र आणि मिळकत यांसह. पाण्याच्या बाबतीत तर सांगली जिल्ह्याने देशाला धडा दिला आहे. दुष्काळग्रस्तांनी चळवळ करून, येरळेच्या वाळूच्या विक्रीतून पैसा उभारून बळीराजा स्मृती धरण बांधले आणि पाणी समन्यायाने वाटण्याचे तत्त्व मांडले. त्याआधी पुरंदरला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीच्या मापाने नव्हे, तर माणसांच्या मोजणीने पाणी दिले आणि भूमिहीनालाही वाटा दिला. शहराच्या वापरलेल्या पाण्यावर हे तत्त्व लावण्यास कोणाची हरकत असावी? धरणाच्या पाण्यावर जुने हक्क आहेत, वाद आहेत. या पाण्यावर अद्याप कोणाचाच हक्क नोंदलेला नाही, आणि म्हणूनच तो कोणाच्या नावे लागतो याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. नागपूरचे रोज तेरा कोटी लिटर प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला गेले. २०१६ च्या केंद्रीय धोरणाने तर प्रक्रिया-केंद्रापासून पन्नास किलोमीटरांतील औष्णिक केंद्रांवर असे पाणी वापरण्याचे बंधनच घातले. नदीचे स्वच्छ पाणी वाचते, म्हणून त्याला माझा विरोध नाही. परंतु उद्योगाचा हक्क कागदावर आला आणि शेतमजुराचा आला नाही, एवढे आपण नोंदवून ठेवू.

राहिला अनुदानाचा प्रश्न. काही 'पर्यावरणवादी' अर्थतज्ज्ञ सांगतात की, युरियाचे अनुदान बंद करा म्हणजे कंपोस्ट आपोआप खपेल. हा उपाय म्हणजे रोग्याला उपाशी ठेवून पथ्य शिकवणे. युरियाची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६७ रुपयांना मिळते आणि तिचा खरा खर्च त्याच्या कित्येक पट आहे, हे खरे. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याकडून ती हिसकावून घेण्याऐवजी शहरी खताला त्याच तोलाचे अनुदान का देऊ नये? २०१६ साली केंद्राने शहरी कंपोस्टाला टनामागे दीड हजार रुपये साहाय्य जाहीर केले होते. खत-अनुदानाच्या त्या डोंगरापुढे ही चिमूटभर वाळू. त्यातही ती खत कंपन्यांच्या विक्रीमार्फत वाटली जाणार होती.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. मिरजेच्या सांडपाण्यात रुग्णालयांतील प्रतिजैविके आणि त्यांना दाद न देणारे जंतू असणार. औद्योगिक वसाहतींचे धातू व रसायने त्यात मिसळली तर ते खत नव्हे, विष होईल. मिलवॉकीलाही आज आपल्या खतातील न विघटणाऱ्या रसायनांची चिंता लागली आहे. म्हणून रुग्णालयाचे आणि कारखान्याचे पाणी त्यांच्या दाराशीच, त्यांच्या खर्चाने शुद्ध झाले पाहिजे आणि ते घरगुती सांडपाण्यात मिसळता कामा नये. शेतकऱ्याने पाणी घेण्यापूर्वी त्याची तपासणी मराठीत, जाहीर फलकावर लागली पाहिजे. ज्या दिवशी हे पाणी विकत वा वाट्याने घेणारा हक्कदार शेतकरी उभा राहील, त्या दिवशी नदीत विष सोडणाऱ्यावर नजर ठेवणारा पहारेकरीही उभा राहील. प्रदूषणाच्या खटल्यांनी जे झाले नाही ते अशा हितसंबंधाने होऊ शकते.

तेव्हा त्या तरुण साथीला माझे उत्तर असे. येत्या महिन्यात आपल्या प्रभागसमित्यांनी तीन कागद मिळवावेत: कचरा वाहतुकीच्या कंत्राटाची प्रत, सांडपाणी केंद्रांच्या पाणी-तपासणीचे गेल्या वर्षाचे अहवाल, आणि गटारकामावरील कंत्राटी कामगारांचा हजेरीपट. माहितीच्या अधिकारात हे मागता येतात. ते हाती आल्यावर टनाऐवजी तयार खत व वायू यांवर मोबदला, प्रक्रिया-केंद्रांवर कायम नोकऱ्या आणि यंत्रे, आणि पाण्यात भूमिहीनांसह सर्वांचा वाटा, या मागण्यांचा मसुदा करावा. परंतु तो पालिकेकडे नेण्यापूर्वी बेडग रस्त्याच्या आणि धुळगावच्या शेतकऱ्यांपुढे, तसेच मिरजेच्या सफाई कामगारांच्या वस्तीत वाचून दाखवावा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या त्यात कराव्यात. वस्तीतल्या बैठकीला मी येईन. गुडघे दुखतात, तेवढी एक खुर्ची ठेवावी.